वहिनींचा लोखंडी मेंढा

कुठलंही काम पहिल्या पायरीपासून सुरू करायचं असतं, ही गोष्ट या भूतलावर फक्त एकाच माणसाला सांगायची राहून गेली, आणि ते माणूस नेमकं थोरली जाऊ म्हणून माझ्या वाट्याला आलं. मी त्यांना वहिनी म्हणते, कारण माझा नवरा म्हणतो, आणि त्याचं ऐकून ऑकलंडातली निम्मी मराठी माणसं म्हणतात. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना चहासुद्धा धड येत नव्हता म्हणे. सासूबाईंनी वरणभातापासून शिकवायला घेतलं, तर ही नवी नवरी म्हणाली, आधी पुरणपोळी दाखवा, ती जमली की वरणभात आपोआप जमेल. न्यूझीलंडला आल्यावर त्या गाडी शिकल्या त्या थेट मोटरवेवर. शिकवणारे गृहस्थ फिजीकडचे, स्वभावानं अतिशय शांत, पण पहिल्या धड्यानंतर गाडीतून उतरून बराच वेळ कुंपणाला धरून उभे होते. पोहायचं ठरलं तेव्हा नवे टॉग्ज, म्हणजे इकडचा पोहण्याचा पोशाख, घालून तलावाच्या खोल बाजूनं आत उतरल्या आणि तिथल्या पोरानं बाहेर काढल्यावर त्यालाच विचारलं, की यात माझं काय चुकलं ते नीट सांग. विणकामात सगळ्या बायका मफलरपासून सुरुवात करतात. वहिनींनी पहिल्याच झटक्यात आमच्या सहा फुटी मोठ्या दिरांसाठी, म्हणजे दादांसाठी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला. त्याची एक बाही गुडघ्यापर्यंत येते. दादा अजून तो वापरतात, ती बाही दुमडून. मी एकदा विचारलं की अहो, हा उलटा कारभार कशासाठी? तर म्हणाल्या, "सोपं आधी केलं की माणूस तिथंच रमतंय बघ."

वहिनी मूळच्या कोल्हापूरकडच्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागतील न लागतील, अंबाडा घट्ट, चाल जोरात. ईस्ट टामाकीत सॉस आणि लोणची बनवणारा एक कारखाना आहे, तिथं क्वालिटीत त्या वीसेक वर्षं होत्या. बरणीचं झाकण बोटानं ठोकून आवाजावरून आत हवा गेली की नाही हे ओळखायचं, ही त्यांची तिथली ख्याती. ही सवय घरी आली, मग लोकांच्या घरी गेली. बॉटनी डाउन्सला आमची दोन घरं एकाच गल्लीत. माझ्याकडे आल्या की चहा होईपर्यंत माझ्या फडताळातल्या सगळ्या बरण्या ठोकून व्हायच्या, आणि एखादी बाजूला काढून ठेवलेली असायची, का ते न सांगता. बोलणं म्हणाल तर कोल्हापुरी पायावर किवी मजला. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इकडच्या किराणा दुकानात, शिरताना दुकानदाराला मोठ्यानं 'किया ओरा' हा माओरी नमस्कार, त्याच्याशी हीप्स, म्हणजे ढीगभर, गप्पा, आणि निघताना 'स्वीट ऍज', म्हणजे 'एकदम झकास', म्हणून झाल्यावर स्वतःशीच 'चला, झालं एक काम'. माझी मुलं मराठीत विचारलेल्याला इंग्लिशमध्ये उत्तर देतात, त्याची मला लाज वाटते; वहिनी मात्र त्यांच्याशी कोल्हापुरीत भांडायच्या आणि दोन्ही पक्षांना सगळं समजायचं.

तर शिकारीचं खूळ. त्यांच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा एक गडी दर हिवाळ्यात डोंगरात जाऊन हरीण मारायचा. एकदा त्यानं वहिनींना हरणाच्या मटणाचा मोठा तुकडा दिला. वहिनींनी त्याचा तांबडा रस्सा केला. त्या रविवारी आमच्याकडे जी पंगत बसली ती उठेचना. माझा नवरा, जो एरवी दोन पोळ्यांवर हात आखडतो, तो पातेलं तिरपं करून बघत होता. शेवटची वाटी संपल्यावर वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या की आता हे आपलं आपणच आणायचं. सगळे हसले. मी हसले नाही, कारण मला माणूस माहीत होतं. दोन दिवसांत कळलं की त्या रायफल घेणार नाहीत. रायफलनं काय, लांबून कोणीही मारतं. त्या रिव्हॉल्व्हरनं मारणार, तेही लहानसहान नाही, चव्वेचाळीस मॅग्नम. इंटरनेटवर कुणी अमेरिकन आजी तसली रिव्हॉल्व्हर घेऊन रानडुकराच्या मागे जाताना त्यांनी पाहिली होती. दादांनी दबक्या आवाजात सुचवलं की आधी छर्‍याच्या बंदुकीनं डबे वगैरे पाडून बघावेत. त्यावर वहिनींचं उत्तर असं, की लांबून मारणं म्हणजे फोनवरून भांडणं. भांडायचं तर समोर जाऊन, त्याचाही मान राहतो आणि आपलाही.

आता अडचण अशी की या देशात रिव्हॉल्व्हरनं शिकार करायला कायद्यानं साफ बंदी आहे. रायफल घेऊन डोंगरात जा, कोणी अडवत नाही. रिव्हॉल्व्हर मात्र क्लबाच्या मैदानाबाहेर उडवायची नाही म्हणजे नाही. हे वहिनींना लायसन्सच्या ऑफिसात फोन केल्यावर समजलं. मी शेजारीच बसले होते. पलीकडचा माणूस सौजन्यानं समजावत होता आणि वहिनींचा चेहरा पडत चालला होता. शेवटी त्यांनी विचारलं की म्हणजे तुमच्याकडे रिव्हॉल्व्हर काय नुसती पाळायची? त्यावर तो बिचारा हसला असणार, कारण मग त्यानंच सांगितलं की काही क्लबांमध्ये एक खेळ असतो: पत्र्याची नव्हे, चांगली जाड पोलादाची जनावरं कापून मैदानात उभी करतात. सगळ्यांत जवळ कोंबडे, त्यामागे डुकरं, त्यामागे टर्की, आणि पार शेवटी, डोळे बारीक केल्याशिवाय दिसत नाहीत इतक्या लांब, मेंढे. नुसती गोळी लागून चालत नाही, जनावर आडवं झालं पाहिजे. मेंढा इतका जड असतो की त्याला पाडायला मोठीच रिव्हॉल्व्हर लागते. मेंढा शब्द ऐकला आणि वहिनी पाठ ताठ करून बसल्या. कोंबड्याची चौकशी त्यांनी केलीसुद्धा नाही.

क्लब गावाबाहेर टेकड्यांमध्ये. सभासद बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, कानाला ठेपी लावून लावून एकमेकांशी ओरडून बोलायची सवय जडलेले. अध्यक्ष म्हणजे एक उंच, पांढर्‍या दाढीचे निवृत्त शेतकरी. त्यांच्या तोंडून दिवसाला पाचसहा वाक्यं निघायची, त्यातली बहुतेक 'नाही' अशी. त्यांनी वहिनींना पाहिलं, मग खाली वाकून परत पाहिलं. सुरुवातीचे महिने क्लबाच्या लहान बंदुकीवर शिकायचं असतं. तो काळ वहिनींनी, चातुर्मासात कांदा सोडल्यासारखा, तोंड बंद ठेवून काढला. मनानं त्या मोठ्या रिव्हॉल्व्हरवर कधीच पोचल्या होत्या. पहिल्यांदा ती हातात मिळाली तेव्हा धक्क्यानं दोन्ही हात डोक्यापर्यंत गेले आणि अंबाडा सुटला. वहिनी केस बांधेपर्यंत सगळी म्हातारी मंडळी विनयानं दुसरीकडे बघत उभी राहिली, असं त्यांनी मला घरी आल्यावर मोठ्या अभिमानानं सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं की लहानावर परत जायचं का? नाही, म्हणाल्या. भाकरी थापून तयार झालेलं मनगट आहे, त्याला सवय होईल.

लायसन्सच्या चौकशीला एक माणूस घरी आला, तो दिवस मी विसरणार नाही. इथं घरच्यांशी वेगळं बोलतात, की या बाईच्या हाती शस्त्र द्यावं की नाही. दादांना विचारलं, तुमच्या पत्नी रागावतात का? दादा सज्जन माणूस, खोटं बोलता येत नाही. म्हणाले, रोज. तो माणूस लिहायचा थांबला. रागावल्यावर काय करतात? दादा म्हणाले, भांडी घासतात. किती वेळ? शांत होईपर्यंत. मग पोलादी तिजोरी बघायची होती. ती वहिनींनी भिंतीत पक्की ठोकून घेतली होती, पण जागा निवडली होती कोठीची, जिथं वर्षाचं कांदा-लसूण तिखट असतं. तो माणूस तिजोरीपुढे वाकला आणि जो शिंकायला लागला तो पार दारापर्यंत शिंकत गेला. जाताना डोळे पुसत म्हणाला की इतकी सुरक्षित खोली त्यानं अजून पाहिलेली नाही. लायसन्स आलं.

त्यानंतरचं वर्षभर आमच्या गल्लीत शिकारकथांशिवाय काही नव्हतं. रविवारी दुपारी गाडी लागायची आणि वहिनी दारातूनच सांगायच्या, आज दोन डुकरं पाडली, एक टर्की नुसती कण्हली. हे पोरांनी बाहेर सांगितलं, पोरांकडून ते मराठी घरांत पसरलं, आणि मला फोन यायला लागले की वहिनींकडे डुकराचा वाटा मिळतो का, आणि किती आधी सांगावं लागतं. पुढच्या गल्लीतल्या एका बाईंनी तर दिवाळीच्या फराळाबदली टर्की मिळेल का म्हणून विचारलं. वहिनी म्हणायच्या, पाठव सगळ्यांना, लोखंडाचा रस्सा करते, हिमोग्लोबिन वाढेल. मनगट बळकट करायला खलबत्ता काढला. सगळ्या गल्लीचा मसाला त्या वर्षी वहिनींनी कुटला. क्लबावर जाताना डबाभर बटाटेवडे न्यायच्या, आणि ते अध्यक्ष, जे कोणाला हं म्हणत नसत, ते वड्याला दुसर्‍यांदा हात घालताना पकडले गेले. कोंबडे पडले, डुकरं पडली, टर्कीही पडू लागली. पडेना तो मेंढा. गोळी लागायची, टण्णकन आवाज यायचा, मेंढा जरासा डुलायचा आणि पुन्हा होता तसा उभा. वहिनी घरी येऊन सांगायच्या, "माझ्याकडं बघतो, मान हलवतो, आणि उभाच राहतो बघ. अगदी आपल्या सासर्‍यांसारखा."

मग दसरा आला. इथं दसर्‍याला वसंत असतो, झेंडू कुंडीत जेमतेम डोळे उघडत असतो. वहिनींच्या माहेरी खंडेनवमीला घरातली झाडून सगळी हत्यारं पुजायची पद्धत, आणि ती त्यांनी इकडे चालू ठेवलेली. मिक्सरला हळदकुंकू, गाडीला, लॅपटॉपला, एका वर्षी डिशवॉशरला. या वर्षी पाटावर, लाल कापडावर, मधोमध रिव्हॉल्व्हर. वहिनींनी सगळे नियम पाळले. गोळ्या कुलपात. गोळ्यांचं फिरतं चक्र उघडून, सगळ्यांना आतून रिकामं दाखवून, ते तसंच उघडं ठेवलेलं, म्हणजे शंका नको. आदल्या रात्री तेलपाणी करून ती अशी चकचकीत केलेली की दादांनी त्यात भांग बघितला. मग हळद, कुंकू, कुंडीतली झेंडूची दोन फुलं, आरती, आणि आरती संपल्यावर आम्ही सगळ्यांनी मनोभावे मूठमूठभर अक्षता टाकल्या. मी टाकल्या, नवर्‍यानं टाकल्या, दादांनी टाकल्या, आणि माझ्या पोरांना मराठी संस्कृतीतलं हेच एक काम मनापासून आवडतं, त्यामुळे त्यांनी नेम धरून टाकल्या. वहिनींनी वरवर पुसली, कुंकवाचं बोट तेवढं मुठीवर राहू दिलं, आणि रिव्हॉल्व्हर तिजोरीत गेली.

त्यानंतरच्या रविवारी क्लबाची स्पर्धा होती. वहिनी म्हणाल्या, आज पूजा झालेली आहे, आज मेंढा पडणार, तू चल. मी पहिल्यांदाच तिथं जात होते. आम्ही गाडीतून उतरलो तर चारपाच म्हातारे हात वर करून कोणाला तरी हाका मारायला लागले. नाव मराठी, पण मी कधी न ऐकलेलं. मी मागे वळून पाहिलं, म्हटलं इथं दुसरी कोणी मराठी बाई आहे की काय. आणि वहिनी एकदम ओ देऊन पुढे गेल्या. मी विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची पाळी आली. नियमाप्रमाणे अध्यक्षांनी आधी रिव्हॉल्व्हर तपासायला घेतली. चक्र बंद करून बघितलं, बंद होईना. उलटी करून हातावर आपटली. हातावर पिवळा तांदूळ पडला. मग त्यांनी ती उजेडाकडे धरून नळीतून पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. नळीत, तेलाला घट्ट चिकटून, अजून तांदूळ होते.

त्या माणसाला त्या दिवसापर्यंत क्लबात कोणी रागावलेलं पाहिलं नव्हतं म्हणे, आणि खरं तर तेव्हाही त्यांनी आवाज चढवला नाही. ते इतकंच म्हणाले की नळीत काहीही अडकलेलं असताना गोळी सुटली तर नळी फुटते, आणि मग हात राहत नाही, कधी शेजारी उभा असलेला माणूसही राहत नाही. रिव्हॉल्व्हर पेटीत बंद झाली. स्पर्धा तर गेलीच. वहिनींनी क्लबात राहायचं की नाही हे कमिटी पुढच्या आठवड्यात ठरवणार होती. क्लब गेला की लायसन्स जाणार, लायसन्स गेलं की रिव्हॉल्व्हर. बाकीचे म्हातारे आपापल्या बुटांकडे बघत होते. कोणीतरी आमच्या गाडीत वड्यांचा डबा आणून ठेवला, अजून भरलेला.

परतीच्या वाटेवर मीच गाडी चालवली. थोड्या वेळानं पाहते तर वहिनी रडत होत्या, आवाज न करता, पदर नव्हता म्हणून जॅकेटच्या बाहीनं डोळे पुसत. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मला धीर द्यायला येत नाही, मी थट्टा करते. म्हटलं, अहो वहिनी, लोखंडी डुकरांसाठी कोण रडतं का? तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथं मला माझ्या नावानं हाक मारतात गं."

मग हळूहळू सगळं सांगितलं. लग्नात सासूबाईंनी त्यांचं नाव बदललं होतं. दादांच्या नावाला जुळेल असं नवं नाव निवडलं, ताटात तांदूळ पसरून दादांनी ते अंगठीनं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. पद्धतच होती, कोणाला काही वावगं वाटलं नाही, त्यांनाही नाही. पुढे पासपोर्ट नव्या नावाचा झाला. गंमत म्हणजे ते नवं नावसुद्धा कोणी वापरलं नाही. दादा 'अगं' म्हणतात, मुलगा 'आई', आम्ही 'वहिनी', कारखान्यात आडनावाची दोन अक्षरं. माहेरचं नाव घेऊन हाक मारणारी एक त्यांची आई उरली होती, ती गेली. आणि मग एक दिवस टेकडीवरच्या त्या क्लबात एका दाढीवाल्या म्हातार्‍यानं विचारलं, की कागदावर काय आहे ते असू दे, तुला काय म्हणू? असं त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. तोंडातून आपसूक जुनं नाव निघून गेलं. तेव्हापासून दर रविवारी ती हाक ऐकायला मिळायची, आणि मेंढा ज्या दिवशी पडेल त्या दिवशी सगळे मिळून ती हाक मारतील, अशी त्यांची समजूत होती. मी गाडी बाजूला घेतली. मलाही रडू आलं, आणि रागही आला, कोणाचा ते सांगता येत नाही. सासूबाईंनी माझं नाव बदललं नव्हतं. तोवर ती पद्धत मागे पडली होती, एवढाच काय तो फरक.

कमिटीच्या दिवशी मी कामावर दांडी मारून बरोबर गेले. तीन म्हातारे, एक लाकडी टेबल, चहाचे मग. मला वाटलं होतं वहिनी दसरा, संस्कृती, परंपरा असं काहीतरी सांगतील. मी तर मनात भाषणच तयार करून नेलं होतं. वहिनींनी यातलं काही केलं नाही. त्या उभ्या राहून म्हणाल्या की चूक माझी आहे. माझ्या कारखान्यात एका बरणीत न ओळखता येणारी वस्तू सापडली तर मी सगळा माल परत पाठवते आणि कोणाचं कारण ऐकत नाही. तुम्हीही ऐकू नका. एवढं बोलून बसल्या. मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. अध्यक्ष दाढी खाजवत बसून राहिले. मग त्यांनी विचारलं की तो तांदूळ होता तरी कशासाठी?

वहिनी म्हणाल्या, "ज्याच्यावर आपला भरवसा असतो, त्याच्यावर आम्ही तो टाकतो."

मला राहवेना, मी मध्येच म्हटलं की लग्नातही टाकतो, नवरानवरीच्या डोक्यावर. अध्यक्ष म्हणाले, आमच्याही टाकला होता. बायकोच्या केसांतून दुसर्‍या दिवशीही निघत होता. त्यानंतर ते खिडकीबाहेर बघायला लागले आणि उरलेल्या दोघांनी चहा संपवला. ती बाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे आम्हाला नंतर कळलं. मग त्यांनी निकाल सांगितला. तांदळाचं समजलं, पण नियम तो नियम. क्लबात राहायचं असेल तर मोठी रिव्हॉल्व्हर कुलपात राहील, आणि नव्यानं आलेल्या लोकांबरोबर सगळं पहिल्यापासून शिकायचं. सगळ्यांत लहान बंदूक, कागदाचा गोल, जवळचं अंतर. पहिल्या धड्यापासून. हे ऐकून वहिनींचा चेहरा जो झाला तो दादांना दाखवायला मी फोटो काढायला हवा होता. आयुष्यात ज्या बाईनं पहिली पायरी मनापासून कधी पाहिली नव्हती, तिला चार लोकांदेखत पहिल्या पायरीवर बसवलं. एक मिनिटभर मला वाटलं या उठून जातील. पण त्या म्हणाल्या, "स्वीट ऍज."

आणि गेल्या की. दर रविवारी, कॉलेजच्या पोरांच्या रांगेत, सगळ्यांत बुटक्या आणि सगळ्यांत वयस्कर, त्या चिमुकल्या बंदुकीनं कागदाला भोकं पाडत उभ्या राहिल्या. घरी शिकारकथा बंद. पोरांनी विचारलं, आज काय मारलं, तर म्हणायच्या, कागद. पण तिथंच एक गोष्ट उघडकीला आली. लहान बंदुकीला धक्का नसतो, आवाज बेताचा असतो, तरी चाप ओढताना वहिनी डोळे गच्च मिटत होत्या. ही सवय मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या धक्क्यानं लागली होती, आणि तिच्या गडगडाटात ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं, त्यांच्याही नाही. म्हणजे वर्षभर त्या मेंढ्याला डोळे मिटून गोळी घालत होत्या, आणि तरी ती लागत होती, याचं अध्यक्षांना इतकं आश्चर्य वाटलं की त्या दिवशी ते लागोपाठ तीन वाक्यं बोलले. डोळे उघडे ठेवायला वहिनींना आख्खा उन्हाळा लागला. मला म्हणाल्या, "मोटरवेवरसुद्धा मिटत असणार बघ मी." या वाक्यावर मी त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या गाडीत बसले नाही.

थंडी सुरू होता होता मोठी रिव्हॉल्व्हर परत हातात आली. आम्ही सगळे गेलो होतो, दादा त्या स्वेटरमध्ये, पोरं कानाला ठेप्या लावून. वहिनींनी पाय रोवले, मेंढ्याकडे बघितलं, बघतच राहिल्या, आणि गोळी सुटली. टण्ण असा आवाज उशिरानं आला. मेंढा डुलला. दादा माझ्या शेजारी 'पड, पड' असं पुटपुटत होते, आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मेंढा सावकाश, मोठ्या इभ्रतीनं, मागच्या मागे आडवा झाला. आणि ते सगळे म्हातारे एका सुरात त्यांच्या माहेरच्या नावानं ओरडले. त्यात दादांचाही आवाज होता. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी बायकोला नावानं हाक मारली, आणि ते नाव त्यांनी स्वतः पुसलेलं होतं. वहिनी वळल्या आणि आधी त्यांच्याकडेच बघितलं. येताना मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये वड्यांचा डबा होता, घरी जाताना नव्हता, एवढं मी आरशात पाहिलं.

हरीण काही वहिनींनी कधी मारलं नाही. फोर्कलिफ्टवाला आणून द्यायचा, त्या रस्सा करायच्या, कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही. गेल्या वर्षी मुलगा ख्राइस्टचर्चला इंजिनिअर म्हणून लागला, सुनेला दिवस गेले, आणि वहिनी-दादांनी इथलं घर काढून तिकडचा रस्ता धरला. सगळे सोपस्कार करून रिव्हॉल्व्हरही गेली. तिकडच्या क्लबात पहिल्याच दिवशी त्यांनी आपण होऊन जुनं नाव सांगितलं म्हणे. आमच्या गल्लीत त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, चांगली माणसं आहेत, सगळ्या गोष्टी क्रमानं करतात. माझ्या बरण्या कोणी ठोकत नाही. मला करमत नाही, हे सरळ सांगते.

परवा फोन झाला. नातीचं कौतुक झालं, आता ती रांगायच्या आधीच उभी राहायला बघते हेही ऐकून झालं. बोलता बोलता मला वाटलं, इतकी वर्षं वहिनी वहिनी करत आले, आपणही एकदा त्यांच्या नावानं हाक मारावी, त्यांना बरं वाटेल. मारली. पलीकडे बरणीचं झाकण ठोकल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "तू नको गं तसं म्हणू. नावानं इथं क्लबात सगळे बोलावतात, आता तुझे दादापण बोलावतात. घरात मी आई आहे, आजी आहे. वहिनी म्हणणारं इकडं कोणी नाही. तेवढं तू म्हणत राहा."

मी म्हटलं, बरं वहिनी.